वेब डिझाइन शिकताना आपण पुढे सरकतोय, हे कशावरून ओळखायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्यात वेब डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींची पत्रं बरीच आली. कोड कसा लिहायचा हे त्यांतल्या थोड्यांनीच विचारलं आहे. बाकीच्यांना पडलेला प्रश्न असा, की मला हे खरंच यायला लागलंय का? म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या सत्राला आहे. प्रोजेक्टसोबत ‘या सत्रातली माझी प्रगती’ असं दोन पानांचं टिपण द्यायचं आहे. खूप शिकायला मिळालं, आत्मविश्वास वाढला, टीमवर्क कळलं असं मी लिहिलं. सरांनी ‘मोघम आहे, नेमकं लिहा’ असा शेरा मारून ते परत केलं. नेमकं म्हणजे काय लिहू? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : सरांचा शेरा रास्त आहे. ‘आत्मविश्वास वाढला’ हे वाक्य शिवणाच्या क्लासलाही चालेल आणि पोहण्याच्याही. नेमकं लिहायचं तर चुकांची नोंद हाताशी हवी, कारण चूक सुटली की ती कशी सुटली हे दोन दिवसांत विसरायला होतं. सत्र संपायला अवकाश असेल तर आजच एक वही करा.

एका चुकीला चार ओळी पुरतात. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कारण काय निघालं, आणि तेच कारण आहे हे कशावरून ठरवलं. चौथी ओळ बहुतेक जण गाळतात. पण सीएसएसमध्ये (पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) पाच ठिकाणी हात घातला की पान कधीकधी आपोआप सुधारतं आणि नक्की कशाने सुधारलं हे कळतच नाही. अशी सुटलेली चूक पुढच्या पानावर हमखास परत येते.

एक उदाहरण जवळून पाहू. ९०० पिक्सेल रुंदीच्या फ्लेक्स कंटेनरमध्ये, म्हणजे घटक ओळीने मांडणाऱ्या चौकटीत, ३०० पिक्सेलची तीन कार्डं एका ओळीत बसवायची आहेत आणि ओळ मोडायची मुभा दिलेली आहे. तीन त्रिक नऊ, हिशेब सरळ. तरी तिसरं कार्ड खाली पडतं. कारण कार्डाला दोन्ही बाजूंनी २०-२० पिक्सेलचं पॅडिंग (कडेपासून आतली मोकळी जागा) आहे आणि १-१ पिक्सेलची बॉर्डर (कडेची रेघ). ब्राउझर मूळ पद्धतीत ३०० ही रुंदी फक्त आतल्या मजकुराची धरतो. म्हणजे एक कार्ड ३४२ चं, तीन मिळून १०२६. हे ठरवायचं कसं? ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून कार्डावर क्लिक करा, बॉक्सची आकृती दिसेल, तिच्यातले आकडे वहीत उतरवा. मग पॅडिंग आणि बॉर्डर तात्पुरती बंद करा. कार्ड वर आलं, तर कारण पक्कं. उपाय म्हणून बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर ३०० च्या आतच मोजली जातात.

दुसऱ्या दिवशी कार्डांमध्ये १६ पिक्सेलची गॅप दिली आणि तिसरं कार्ड पुन्हा खाली. तीन कार्डांमध्ये दोन फटी, म्हणजे ३२. एकूण ९३२. दिसायला चूक तीच, पण कारण वेगळं. आता ग्रिड (ओळी-कॉलमांची मांडणी) वापरून १ एफआरचे, म्हणजे जागेचा सारखा वाटा घेणारे, तीन कॉलम केले. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २८९ पिक्सेल आले आणि सगळं छान बसलं. मग एका कार्डात लांबलचक ईमेल पत्ता आला आणि तो कॉलम फुगून बाकीचे दोन चेपले. कारण तिसरंच. १ एफआरचा कॉलम आतल्या मजकुराच्या कमीत कमी रुंदीपेक्षा लहान व्हायला तयार नसतो, आणि ज्यात जागा सोडलेली नाही असा पत्ता मोडत नाही. तिथे कॉलमची किमान रुंदी मिनमॅक्सने शून्य करावी लागते आणि मजकुराला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्यावं लागतं, म्हणजे लांब शब्द कुठेही मोडू शकतो.

आता टिपणात हे असं येईल : ‘पहिल्यांदा कार्ड खाली पडलं तेव्हा मी रुंदी ३०० ची २५० केली आणि पुढे गेले. दुसऱ्यांदा आधी बेरीज मांडली. तिसऱ्यांदा बेरीज बरोबर असूनही कॉलम फुगला, तेव्हा मजकुराची किमान रुंदी तपासली.’ तीन वाक्यांत प्रगती दिसते, तीही ‘प्रगती’ हा शब्द न वापरता. अशा तीन-चार चुकांचा प्रवास लिहिलात तर दोन पानं सहज भरतील.

सोबत पुरावा जोडा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर कमिटच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या, ओळीत ‘बदल केले’ असं न लिहिता ‘कार्डाच्या रुंदीत पॅडिंग धरलं नव्हतं, बॉर्डर-बॉक्स लावलं’ असं लिहायची सवय लावून घ्या. सत्राच्या शेवटी ही ओळींची यादीच तुमची डायरी होते. गिट नसेल तर दर शनिवारी प्रोजेक्टच्या फोल्डरची प्रत काढा आणि नावात तारीख घाला, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. तसं केलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येक वेळी ३६०, ७६८ आणि १२८० पिक्सेल रुंदीचे स्क्रीनशॉट घ्या.

आणि टिपण परवाच द्यायचं असेल, वही नसेल, तर सत्राच्या सुरुवातीची सगळ्यात जुनी फाइल उघडा. आज तुम्हाला तिच्यात काय काय चुकीचं दिसतं त्याची यादी करा. तेव्हा न दिसलेलं आज दिसतंय, हेही लिहिण्यासारखंच आहे.

प्रश्न : सहा महिने व्हिडिओ बघून शिकतोय. बघताना सगळं कळतं, सोबत टाइप केलं की चालतंही. पण कोरी फाइल उघडली की हात थांबतात. माझ्यात काही कमी आहे का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तुमच्यात कमी काही नाही, सरावाचा प्रकार तेवढा बदलायला हवा. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. व्हिडिओसोबत टाइप करणं म्हणजे वाचणंच. बोटं चालतात, पण निर्णय सगळे समोरचा माणूस घेत असतो.

म्हणून असं करून बघा. दोन तासांचा व्हिडिओ घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटांचा एकच भाग घ्या, समजा वरचा मेनू. आज फक्त बघा, टाइप करू नका. उद्या व्हिडिओ बंद ठेवून, कोऱ्या फाइलवर, घड्याळ लावून ४० मिनिटं बसा. आधी नुसतं एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, लिहा. मेनूचा नॅव्ह टॅग, आत यादी, यादीत लिंका. सीएसएसशिवाय पान उघडून वाचता येतंय का बघा आणि मगच सीएसएसला हात लावा. अडलात की शोधायला पळू नका. जिथे अडलात तिथे कोडमधल्या कॉमेंटमध्ये प्रश्न लिहून पुढे जा. ४० मिनिटांनंतर त्या प्रश्नांपुरताच व्हिडिओ उघडा. पहिल्या दिवशी दहा-बारा प्रश्न निघाले तर बिचकू नका. तीच तुमची अभ्यासाची यादी, आणि ती फक्त तुमची आहे.

मेनू उभा राहिला की त्याला त्रास द्या. चारच्या जागी सात लिंका करा. ‘होम’, ‘अबाउट’ काढून ‘आमच्याविषयी’, ‘प्रवेशप्रक्रिया’ घाला. खिडकी ३६० पिक्सेलची करा. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर या कळांनी मेनू चालवा. इथे पुष्कळांचा मेनू उघडतच नाही, कारण मेनूचं बटण डिव्हचं, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगचं, केलेलं असतं. डिव्ह कितीही बटणासारखा रंगवला तरी टॅबने त्याच्यावर जाता येत नाही. बटणासाठी बटण टॅगच हवा. ही गोष्ट व्हिडिओत सांगून जेवढी ठसत नाही तेवढी टॅब दाबून हताश झाल्यावर ठसते.

एआयकडून कोड घेत असाल तरी नियम हाच. मिळालेल्या सीएसएसमधली एक ओळ निवडा, ती काढली तर पानावर काय बिघडेल हे आधी वहीत लिहा, मग काढून बघा. अंदाज चुकला तर ती ओळ तुम्हाला अजून आलेली नाही. न कळलेल्या ओळी प्रोजेक्टमध्ये ठेवू नका. तोंडी परीक्षेत नेमकी तीच ओळ विचारतात.

प्रश्न : मुलगी वेब डिझाइन शिकते. काल तीन तास एका बटणाचा रंग बदलत बसली होती. याला अभ्यास म्हणायचं का? (पालक, कऱ्हाड)

उत्तर : तिला एकदाच विचारा, ‘आधीचा रंग का काढलास?’ उत्तर ‘आवडला नाही’ एवढंच असेल तर तिने वेळेला बांध घालायला हवा. एका रंगाला २० मिनिटं पुष्कळ झाली. उत्तर ‘अक्षर नीट वाचता येत नव्हतं’ असं असेल तर तो अभ्यासच आहे.

वाचता येतं की नाही हे मोजायला आकडा आहे. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या आकाराची अक्षरं आणि त्यामागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५ ला १ मागितला आहे, मोठ्या अक्षरांना ३ ला १. ज्या राखाडी रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा ९ येतो, तो पांढऱ्यावर फार नाजूक दिसतो म्हणून विद्यार्थ्यांचा आवडता असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८५ भरतो. खोलीत लॅपटॉपवर तो चालून जातो. दुपारी एसटी स्टँडवर फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. तुम्ही तिला मदत करू शकता ती अशी : तिचं पान तुमच्या फोनवर उघडा, अंगणात उन्हात जा आणि चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करा. काय वाचता आलं नाही ते तिला सांगा. असा वाचक तिला वर्गात मिळणार नाही.

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी मराठी पान करते आहे. शिकवल्याप्रमाणेच सगळं केलं, तरी इंग्रजी पान देखणं दिसतं आणि मराठी पान विस्कटलेलं. दोन वर्षं शिकूनही माझा हात बसलेला नाही असं वाटायला लागलंय. (विद्यार्थिनी, फोंडा, गोवा)

उत्तर : तुमचा हात बसलेला आहे. तुम्ही वापरलेले आकडे मात्र रोमन लिपीसाठीचे आहेत. बहुतेक धडे इंग्रजी मजकुरावर बेतलेले असतात आणि त्यांतली मापं देवनागरीवर तशीच्या तशी उचलली जातात.

पहिला संशयित लेटर-स्पेसिंग. इंग्रजी शीर्षकात अक्षरं थोडी सुटी केली की रुबाबदार दिसतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो. मराठी मजकुराला ते शून्य ठेवा. दुसरा लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. १.२ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, कधी बटणात वरची वेलांटी कापली जाते. परिच्छेदाला १.६ ते १.७ आणि शीर्षकाला १.३५ ते १.४ पासून सुरुवात करा आणि डोळ्यांनी ठरवा. कार्डाला ठरावीक उंची देऊ नका. मजकुराच्या मानाने ती वाढू द्या.

तिसरी गोष्ट ठळक अक्षरांची. फॉन्टचं फक्त ४०० वजन (साधी जाडी) लोड केलं आणि शीर्षक ठळक मागितलं, तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘ङ्म’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. ७०० वजन (ठळक) वेगळं लोड करा. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्ता फॉन्टमध्ये सात वजनं आहेत आणि तो मोफत आहे; नोटो सान्स देवनागरीही चांगला. इंग्रजीत उठाव द्यायला सगळी अक्षरं कॅपिटल करतात किंवा तिरकी करतात. देवनागरीत कॅपिटल नाहीतच आणि ओढून तिरपी केलेली अक्षरं वाईट दिसतात. आपल्याकडे उठाव द्यायचा तो वजन, आकार आणि मोकळी जागा यांनीच.

एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहिली आहे ना, बघा. तयार साच्यात ती इंग्रजी असते. भाषा मराठी सांगितली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी उच्चाराने वाचू शकतो. क्रमवार यादीला लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी दिलं की आकडे १, २, ३ असे येतात. ते हाताने टाइप करत बसू नका.

वाचनालयाचा जुना अहवाल छापखान्यातून आलेला असेल तर तो बहुधा युनिकोड ही सगळ्या लिपींची समान पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमधला असतो. पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर ओळन्‌ओळ मुद्रितशोधन करा. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकणं आणि जोडाक्षरं फुटणं या नेहमीच्या चुका.

चाचणीसाठी एक ओळ कायम जवळ ठेवा : ‘वाङ्मय, कर्तृत्व, विठ्ठल, कैऱ्या, मूर्तींचे, ऑगस्ट, रुपये, हृदय’. नवा फॉन्ट घेतला की आधी ही ओळ टाकायची. ‘कैऱ्या’तला ऱ्य आणि ‘मूर्तीं’वरचा रफार-वेलांटी-अनुस्वार नीट बसले तर पुढचं पुष्कळसं नीट बसतं. आणि डोळा तयार करायचा तर एकच परिच्छेद १.३, १.५ आणि १.७ लाइन-हाइटने शेजारी शेजारी लावा, फोनवर बघा, कुठला का आवडला ते दोन ओळींत लिहा. महिनाभराने तीच चाचणी पुन्हा करा. तुमचं उत्तर बदललेलं असू शकतं, आणि कारण नक्कीच जास्त नेमकं येईल.

प्रश्न : वर्गात सगळ्यांसमोर डिझाइन दाखवायचं असतं. ‘गिचमिड वाटतंय’, ‘मजा नाही आली’ असं ऐकलं की रडू येतं. मन घट्ट कसं करू? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : मेहनतीच्या कामाला नावं ठेवली की लागतंच. मन घट्ट करण्यापेक्षा प्रश्न बदलणं सोपं आहे. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘मजा नाही आली’ हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी काम सांगा : ‘या पानावर प्रवेशाची शेवटची तारीख शोध.’ फोन हातात द्या आणि गप्प बसा. बोट कुठे गेलं, कुठे थांबलं, किती सेकंद लागले ते लिहा. मध्ये ‘अगं, वर बघ ना’ म्हणायचा मोह आवरा. ते पान वापरणाऱ्याशेजारी तुम्ही बसलेल्या नसणार. वर्गाबाहेरच्या चार-पाच जणांकडून हे करून घ्या, त्यात घरातलं एखादं वयस्कर माणूस असू द्या.

‘गिचमिड’सारखा शेरा आलाच तर तो मापात उतरवा. बहुधा कारण तीनपैकी एक असतं : शीर्षक आणि त्याचा परिच्छेद यांत जेवढं अंतर आहे तेवढंच शीर्षक आणि वरच्या परिच्छेदात आहे, त्यामुळे कोण कोणाचं ते कळत नाही, अक्षरांचे सहा-सात वेगवेगळे आकार आहेत, किंवा ओळी स्क्रीनभर पसरल्या आहेत. शीर्षकाच्या वर ४० आणि खाली १२ पिक्सेल, आकार तीन-चारच, आणि परिच्छेदाची रुंदी ६०० ते ७०० पिक्सेलच्या आत, एवढं करून तेच पान पुन्हा दाखवा. वहीत शेरा, तुमचा बदल आणि दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया शेजारी शेजारी लिहा. काही शेरे न पटणारेही असतील. ते का पटले नाहीत हे कारणासह लिहिता आलं, तर बदल न करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : पोर्टफोलिओ करतोय. पहिल्या वर्षाची पानं बघवत नाहीत. उडवून टाकू का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : उडवू नका. त्यांतलं एक निवडा, त्याची प्रत काढा आणि फक्त दोन तास दुरुस्तीला द्या. नव्याने बांधायचं नाही, दिसणाऱ्या चुका तेवढ्या काढायच्या. आडवा स्क्रोल येत असेल तर सगळ्या घटकांना लाल आउटलाइन लावा, कोण बाहेर डोकावतंय ते लगेच दिसेल. बॉर्डर लावू नका. बॉर्डर जागा घेते आणि मांडणीच बदलते, आउटलाइन घेत नाही. आडवा स्क्रोल फक्त लॅपटॉपवर येत असेल आणि फोनवर नाही, तर कुठेतरी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीच्या पूर्ण रुंदीइतकी) रुंदी दिलेली असते, कारण ती उभ्या स्क्रोलबारची जागाही धरते. फक्त फोनवर येत असेल तर ठरावीक रुंदीचं चित्र किंवा तक्ता शोधा.

मग फोटो. फोनवरून थेट चढवलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा आणि काही एमबींचा असतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या, तिप्पट घनतेच्या स्क्रीनलाही १०८० पुरतात. तेवढा करून वेबपी या फाइल-प्रकारात ७५-८० क्वालिटीने साठवा. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर चित्र उशिरा आलं की खालचा मजकूर उडी मारतो. सीएसएसमध्ये चित्राची कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो ठेवा.

पोर्टफोलिओत आधीचं आणि नंतरचं पान शेजारी ठेवा, खाली पाच ओळी : काय बिघडलं होतं, कशावरून कळलं, काय बदललं, पानाचं एकूण वजन किती एमबीवरून किती केबीवर आलं, आणि दोन तासांत काय राहून गेलं. शेवटची ओळ टाळू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तिच्यावरच येईल, आणि उत्तर तुमच्याकडे तयार असेल.